समुद्र पलीकडच्या पार्टीचा

समुद्र व्हायला कोणीच तयार नव्हतं.

डोंगर व्हायला तिघं भांडत होते. धरण व्हायला त्याहून जास्त, कारण धरणाला सगळ्यांना अडवता येतं. संगमनेर, नेवासं, पैठण, नांदेड अशी गावं मी वाटून टाकली होती, आणि ज्याला जे मिळालं तो त्या गावचा सरपंच असल्यासारखा कंबरेवर हात ठेवून उभा होता. समुद्राची जागा तेवढी रिकामी.

"बाई, समुद्राला काम काय असतं?" तिमथीनं विचारलं. हा तिसरीतला, तोंडाला कडी नसलेला.

"बसायचं. नदी येईपर्यंत वाट बघायची. आली की घ्यायची."

"मग पाळक साहेबांना करा. ते दानाच्या वेळी तसेच बसतात."

पोरं खिदळली. मी डोळे वटारले, पण हसू ओठात धरून ठेवताना माझे ओठ वाकडे होतात, आणि हे पोरांना माहीत होतं.

रविवारची शाळा आम्ही देवळाच्या बाजूच्या लिंबाखाली भरवायचो. देऊळ म्हणजे आमच्या ख्रिस्ती मंडळीचं, मिशनच्या काळातलं दगडी देऊळ, वर घंटा, आत बाक. त्या रविवारचं सुवर्णवचन होतं नद्यांचं. सगळ्या नद्या समुद्राला जातात आणि तरी समुद्र भरत नाही, असं शास्त्रात कुणा एका शहाण्या आणि कंटाळलेल्या राजानं म्हटलंय. ते नुसतं पाठ करून घेण्याऐवजी मी ठरवलं, नदीच काढायची. भिंतीच्या नळापासून फाटकाच्या दिशेनं खुरप्यानं चर खणायचा, काठाकाठानं गावं उभी करायची, आणि नळ सोडायचा. मी तोवर समुद्र पाहिला नव्हता. स्वर्गही पाहिला नव्हता. दोन्ही विषय मी बिनधास्त शिकवत होते.

पाठाचं पुस्तक होतं, नाही असं नाही. पण ते ज्या कपाटात होतं ते कपाट कुंपणाच्या पलीकडं अडकलं होतं.

कुंपणाचं सांगायला हवं.

आमच्यात कापणीचा सण असतो. ज्याच्या घरी जे पिकतं ते तो देवापुढं आणून ठेवतो. भोपळे, अंडी, बाजरीची कणसं, एखादं करडू. उपासना संपली की अंगणात त्याचा लिलाव. आणि रीत अशी की कोंबडा ज्यानं बोलीत घेतला, त्यानं तो घरी न्यायचा नाही. पुन्हा देवाला द्यायचा. मग त्याची पुन्हा बोली. असा एकेक कोंबडा सहा-सात वेळा विकला जातो, आणि शेवटी त्याला स्वतःलाच कळेनासं होतं आपण कोणाचे. मंडळीची कमाई होते, घेणाऱ्याचं नाव होतं, कोंबडा जिवंत राहतो.

त्या वर्षी देठे मामांनी कोंबडा घेतला, काखेत मारला, घरी नेला आणि खाल्ला.

पुढच्या रविवारी पाळक साहेबांनी उपदेशाला कोणता उतारा घ्यावा? देवाला वाहिलेली वस्तू चोरून तंबूत पुरणाऱ्या आखानाचा. नाव कोणाचं घेतलं नाही. पण आखान हा शब्द आला की अख्खी मंडळी मान वळवून तिसऱ्या बाकाकडं बघायची, आणि तिसऱ्या बाकावर देठे मामा मिशी चावत बसले होते. पेत्रानं प्रभूला नाकारलं तेव्हा निदान कोंबडा आरवला तरी. आमचा रश्श्यात गेला आणि त्याच्यामागून मंडळी फुटली. मामांबरोबर निम्मी घरं उठली, आवारातल्या जुन्या बंगल्यात वेगळी उपासना सुरू झाली. मग वकील, मग तारखा, मग 'जैसे थे'चा हुकूम. आवाराच्या मधोमध बाभळीच्या फांद्या टाकून मामांनीच कुंपण घातलं. इकडं देऊळ, नळ आणि पाळक. तिकडं बंगला, कपाट आणि देठे.

मी कुठल्याच पार्टीची नव्हते. पण झाडू इकडच्या बाजूला होता. देऊळ झाडणं, बाक पुसणं, टाकी भरणं हे माझ्याकडं असायचं. आईनं आम्हा दोघी बहिणींची नावं मरिया आणि मार्था ठेवली, तिथंच कामाची वाटणी झाली. शास्त्रातली मरिया प्रभूच्या पायाशी बसून ऐकते आणि मार्था भांडी घासते. आमची मरियाही तशीच, ऐकणारी, गोड, कामाला मंद. ती देठ्यांच्या घरी सून म्हणून गेली, आणि लेक शारोन सहा वर्षांची असताना काविळीनं वारली. मुलीचा बाप नाशिकला नोकरीला, महिन्या-दोन महिन्यांतून एकदा येणारा. शारोनला आजोबाच सांभाळायचे, आमचे हे देठे मामा. माझंही लग्न झालं होतं आणि मोडलंही होतं, पण ते सांगण्याइतकं मनोरंजक नाही.

मुद्दा एवढाच की आठवड्यातला हा एक तास शारोन माझी असायची. बाकीची पोरं मला बाई म्हणायची, ती मावशी म्हणायची आणि लगेच जीभ चावायची. कुंपण पडलं आणि तो तासही गेला. देठ्यांच्या घरी गेलं की मामा दारात उभे राहून म्हणायचे, "चोराच्या घरी कशाला आलीस? पाळकाला विचारून आलीस का?" पोरगी त्यांच्या पाठीमागून एका डोळ्यानं बघायची.

रविवारी सकाळी ती बंगल्याच्या पायरीवर एकटी बसायची. त्या पार्टीत लहान मुलं होती, पण त्यांना शिकवायला कोणी नव्हतं, म्हणून ती घरीच झोपायची. शारोन तेवढी यायची आणि कुंपणातून आमची गाणी ऐकायची. आमचं कडवं संपलं की तिकडून एक आवाज अर्धी ओळ मागं राहायचा.

पाळक साहेब उपदेशाचे कागद हातात घेऊन बाहेर आले. आमोस पारखे, बारीक, व्यवस्थित, बुटांना रोज पॉलिश. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त चिडलेली माणसं आणि वकील या दोन्हींची भीती वाटायची, आणि आमच्या गावात त्याला दोन्ही भरपूर मिळाली.

"मार्थाबाई, हे काय खणलंय?"

"प्रवरा आहे, साहेब."

"कुठं जाते?"

"समुद्राला."

"ते वचन झालं. मी दिशा विचारतोय."

"फाटकाकडं. मुंबईच्या बाजूला."

त्यांना बरं वाटलं. "कुंपणाकडं काही जाता कामा नये. वकिलांनी बजावलंय. तिकडचा दगड इकडं नको, इकडचा तिकडं नको. कोणी माणूस ओलांडून आला तर लगेच दोन साक्षीदार घेऊन लिहून काढायचं."

"पाण्याचं काय म्हणालेत?"

"पाण्याचं काही म्हणाले नाहीत."

"मग झालं," मी म्हटलं.

ते झगा घालायला आत गेले. मी तिमथीला नळावर उभं केलं.

"सोड. पण हळू. आधी डोंगरात पाऊस पडतो, झरे होतात, मग नदी. एकदम सोडलंस तर धरण फुटेल."

धरण झालेल्या रूथनं लगेच दोन्ही पाय चरात रोवले. नळ गुरगुरला, थुंकला आणि सुरू झाला. चरातली माती आधी सगळं पीत राहिली, मग तिचं पोट भरलं आणि पाणी पुढं सरकलं. टोकाला फेस, काडीकचरा, एक उलटी पडलेली मुंगी. पोरं काठाकाठानं वाकून चालायला लागली.

"आलं, संगमनेर आलं."

"रूथ, पाय काढ, आमच्याकडं प्यायला नाही."

"नाही काढणार. आधी ऊस."

"बाई," रूथ पाय न काढताच म्हणाली, "सगळ्या नद्या जातात तर समुद्र भरत का नाही?"

"कारण तो घेतलेलं ठेवत नाही. ऊन पडलं की वाफ करून वर पाठवतो. त्याचे ढग होतात, ते डोंगरावर येतात, पाऊस पडतो, की पुन्हा नदी. सगळं जिथून आलं तिथं परत."

तिमथीनं विचार केला. "म्हणजे सणाच्या कोंबड्यासारखं. ज्यानं घेतला त्यानं परत द्यायचा."

"तसंच काहीसं."

"मग समुद्रानं कोंबडा खाल्ला तर?"

कुंपणापलीकडं कोणीतरी खाकरलं. देठे मामा बंगल्याच्या ओट्यावर उभे होते. पांढरं धोतर, वर खाकी सदरा. मामा पाटबंधारे खात्यात जन्मभर पाटकरी होते. धरणातून आवर्तन सुटलं की कोणाच्या चारीला किती वेळ पाणी द्यायचं हे ठरवणारा माणूस. मोठेमोठे बागायतदार त्यांना लांबून नमस्कार घालायचे. निवृत्त झाले तरी तो खाकी सदरा त्यांनी सोडला नव्हता.

"तिमथ्या," ते म्हणाले, "तुझ्या बापाला सांग, घेतलं त्ये घेतलं. एकच माल सात बाऱ्या इकणारा बाजार म्या जन्मात बघितला न्हाई. देवाला काय गणित येत न्हाई का?"

"आबा, ते आपल्याशी बोलत नाहीत," पायरीवरून शारोन म्हणाली. "आपणच म्हटलंय बोलायचं नाही."

"मी बोलत न्हाई. मी सांगतोय."

इतक्यात नदी थांबली.

फाटकाच्या दिशेनं ती जरा अंतर गेली होती, आणि तिथं तिला चढ लागला. कोणाला वाटलं नव्हतं तिथं चढ असेल. बाहेरचा रस्ता खाली उतरतो ना, म्हणून सगळ्यांना वाटायचं अंगणही तिकडंच उतरतं. पाणी चरात साचलं, काठापर्यंत आलं, क्षणभर फुगून राहिलं. मग पैठणच्या पायाजवळ काठ सुटला, आणि पाण्यानं मुंबईकडं पाठ केली. अंगणातून वाट काढत, लिंबाच्या मुळाला वळसा घालून ते निघालं ते थेट कुंपणाकडं.

"बाई, नदी चुकली," पैठण म्हणालं.

"जाऊ दे. बघू कुठं जाते."

पोरं तिच्या पाठोपाठ गेली. बाभळीच्या काट्यांखालून एक बोटभर धार पलीकडं गेली, आणि पायरीच्या खालच्या खळग्यात पहिला थेंबभर समुद्र झाला. शारोन उठून उभी राहिली. तिच्या पायात चप्पल नव्हती. तिनं अंगठा पुढं केला आणि मागं घेतला.

"मावशी, नदी आली इकडं."

"मग घे की."

"आबा, घेऊ?"

"हात लावू नको," मामा म्हणाले. "कोर्टात हाय."

आता मात्र माझी पोरं पेटली. समुद्राची जागा रिकामी होती, समुद्र पलीकडं बसलेला होता, आणि मध्ये धार अडली. काट्यांच्या बुडाशी पालापाचोळ्याचा बांध होऊन पाणी आमच्याच बाजूला पसरायला लागलं. तिमथीनं काठी घालून बांध फोडला. पाणी भसकन पसरलं आणि नांदेडची चड्डी भिजली.

"आरं," मामा ओट्यावरून म्हणाले, "वरंबा वरून फोडत्यात व्हय? खालून उकर."

तिमथीनं खालून उकरलं. चिखल झाला.

"तसं न्हाई. आधी वरचं दारं धर. वर बंद केल्याबिगर खाली काम करतोस? कोणी शिकवलं ह्यास्नी?"

"मीच," मी म्हटलं. "आमचं पाठाचं पुस्तक तुमच्या कपाटात आहे."

"पुस्तकात चारी असती का?" ते ओट्यावरून उतरले. कुंपणापाशी आले. वाकून आमचा चर नळापर्यंत डोळ्यानं मापला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे दुःख उमटलं ते मी मरियाच्या मातीला पाहिलं नव्हतं. तिथं ते दगडासारखे उभे होते. इथं त्यांना बघवेना.

"कुणी काढली ही?"

"पोरांनी."

"उतार बघितला का? तळ बघितला का? हितं खड्डा, तितं उंचवटा. पाणी काय कांगारू हाय, उड्या मारत जायला?"

"मामा, नदीलाही खड्डे असतात."

"नदीला असत्यात. चारीला नसत्यात." ते बंगल्यामागं गेले आणि फावडं घेऊन आले. जुनं, दांडा हातानं गुळगुळीत झालेला. मला वाटलं, ते पलीकडूनच काही करतील. कुंपणाशी ते थांबलेही. मग तिमथीनं, देव त्याचं भलं करो, भिजलेल्या काठाची सगळी माती चुकीच्या बाजूला ओढली.

मामांनी दांड्यानं बाभळीची फांदी उचलली आणि वाकून अलीकडं आले.

पोरांनी श्वास धरला होता, कारण कुंपण ओलांडलं की पोलीस येतात असं त्यांना घरी सांगितलेलं. मामांना ते कळलंच नाही. ते थेट नळावर गेले, धार कमी केली, आणि तिथून खाली काम करत आले. फावडं सपाट धरून तळ चोपायचे, दोन पावलं मागं सरायचे, एक डोळा मिटून बघायचे. पोरं त्यांच्यामागून. हळूहळू एकेकाला काम लागलं. एक दारं धरायला, म्हणजे पाणी अडवून वळवायला, एक पाला काढायला, एक नुसता "येऊ द्या" म्हणायला.

"आजोबा," रूथ म्हणाली, "पण बाईंनी मुंबईकडं काढली होती. समुद्र मुंबईला असतो."

"असतो. पण आपली प्रवरा त्या समुद्राला जात न्हाई." त्यांनी फावड्यावर हात टेकले. "घाटघरच्या कड्यावर उभं ऱ्हायलं की खाली कोकण दिसतं. समुद्र तिथनं हाकेवर. आन् तिथंच जवळ उगवलेली ही बया त्याच्याकडं पाठ करती. नेवाशापुढं गोदावरीत शिरती, पैठण, नांदेड, समदा मुलूख तुडवत पार आंध्रात जाऊन पलीकडच्या समुद्राला मिळती."

"का?"

"उतार तिकडं हाय म्हणून."

"देवानं असं का केलं?"

"त्ये तुझ्या बाईला इचार. आमच्या खात्याकडं असला नकाशा आला असता तर साहेबानं सही केली नसती."

"आणि उन्हाळ्यात?" तिमथी म्हणाला. "उन्हाळ्यात आपली नदी कोरडी असते. मग समुद्राला कशी मिळते? वचन खोटं आहे का?"

मी तोंड उघडलं, पण मामा आधी बोलले.

"कोरडी का पडती ठावं हाय? आमी अडवतो म्हणून. जन्म गेला माझा पाणी अडवण्यात. दगड, माती, लोखंडी दारं, समदं लावलं. पण एक थेंब न सुटता अडलंय, असं कधी झालं न्हाई. वाळूखालनं म्हणा, भिताडातनं म्हणा, जिथं जायचं तिथं जातंच. त्याला नुसता उशीर करता येतो."

एवढं बोलून ते पुन्हा खाली वाकले आणि काट्यांच्या बुडाशी एकच घाव घातला. पाणी गप्पकन बसलं, सरळ झालं, आणि कुंपणाखालून पलीकडं गेलं. आवाज न करता. खळग्यात ते वाढत गेलं, गोल झालं, आणि मग शारोननं कोणालाच न विचारता त्यात दोन्ही पाय ठेवले.

"मावशी, भरत नाहीये," ती म्हणाली.

"भरणार नाही. तू बस."

ती बसली. चड्डीसकट.

पाळक साहेब बाहेर आले तेव्हा पांढरा झगा घालून आले, आणि पायरीवरच थांबले. पहिली घंटा व्हायची होती. अंगणात चिखल, पोरांच्या गुडघ्यापर्यंत चिखल, आणि मधोमध फावडं घेऊन देठे मामा.

"देठे," ते म्हणाले, "आपण कुठं उभे आहात?"

मामांनी खाली बघितलं. मग कुंपणाकडं बघितलं. मग त्यांना कळलं. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्याचा सगळा रंग गेला. हुकूम त्यांनीच मागितला होता. ओलांडणारे पहिले तेच.

"चारीत," ते म्हणाले.

साहेब खाली उतरले. आवाज शांत होता, उपदेशाचे कागद हातात. चार तारखांना त्यांना जे मिळालं नव्हतं ते आज चिखलात उभं होतं. "मार्थाबाई, आपण साक्षीदार आहात. आपण आणि ही मुलं. आज उपासनेनंतर लिहून देऊ. देठे इकडे आले, फावडं घेऊन आले, आवारात खोदकाम केलं."

मी शारोनकडं बघितलं. ती समुद्रात बसूनच सगळं ऐकत होती. मी सही केली तर दावा साहेबांचा, आणि मामा मरेपर्यंत त्या पोरीला माझी सावली पडू देणार नाहीत. नाही केली तर लिंबाखालची जागाही जाईल, कारण ती साहेबांच्या मर्जीवर होती. दोन्हीकडून काटेच.

"साहेब," मी म्हटलं, "मी काही पाहिलं नाही. माझे डोळे मिटलेले होते. आमची प्रार्थना चालली होती."

"प्रार्थना."

"पाठ संपल्यावर करतो ना."

साहेब मुलांकडं वळले. "काय चाललं होतं इथं?"

मग संगमनेरपासून नांदेडपर्यंत सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, "प्रार्थना."

"आणि देठे?"

"तेपण करत होते," तिमथी म्हणाला. "त्यांची फावड्याची असते."

साहेबांनी आभाळाकडं बघितलं. मी पण बघितलं. तिथून काही मदत येईल असं दिसत नव्हतं, आणि दोघांपैकी कोणाची बाजू घेतली जाईल हेही सांगता येत नव्हतं. रविवारच्या शाळेत मी वीस वर्षं शिकवलं त्यात मुलांनी इतकं एकजुटीनं आणि इतकं बिनचूक दुसरं काही म्हटलेलं मला आठवत नाही. ते खोटं होतं हा भाग वेगळा.

"डोळे मिटून यांनी चर इतका सरळ काढला?" साहेब हळूच म्हणाले.

"देवाची कृपा," मामा म्हणाले. हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले.

घंटा झाली. आत बाकांवर माणसं जमत होती, पेटी कोणीतरी वाजवून बघत होतं. साहेबांनी हातातल्या कागदांकडं पाहिलं, ते पुन्हा घडी केले, आणि जाताना झग्याची कड उचलून धरून चराला वळसा घालून गेले. ओलांडून नाही, वळसा घालून. मला तो माणूस त्या दिवशी आवडला.

मामा फांदी उचलून पलीकडं निघाले. ही वेळ गेली तर पुन्हा यायची नाही, हे मला दिसत होतं. विनवणी केली असती तर ते दगड झाले असते.

"मामा," मी म्हटलं, "ह्या पोरांना दारं धरता येत नाही."

"दिसलं."

"पुढच्या रविवारी पुन्हा पाणी सोडायचंय. एवढी चांगली चारी वाया जाईल."

ते पाठमोरे थांबले. फांदी हातात तशीच.

"पाण्याची पाळी कधी?"

"पहिल्या घंटेच्या आधी तासभर."

त्यांनी फावडं खांद्यावर टाकलं. मग पलीकडं गेले, शारोनला बखोटीला धरून समुद्रातून उचललं, तिच्या चड्डीचं पाणी पिळलं.

"हिला पाठवीन," ते म्हणाले. "दारं धरायला. शाळेला न्हाई, दारं धरायला. पाळकाला सांग."

पाळकांना मी उपासनेनंतर सांगितलं. बाक पुसता पुसता. ते झगा काढून घडी करत होते.

"मार्थाबाई," ते म्हणाले, "हे अंगण रोज कोण झाडतं?"

"मीच."

"आणि पाणी कोण मारतं?"

"मीच, साहेब. सहा वर्षं."

"म्हणजे ते पाणी कुठं जातं हे तुम्हाला माहीत असायला हवं."

मी फडकं पिळलं. बादलीत घातलं, पुन्हा पिळलं. त्या अंगणात मी रोज सकाळी बादल्या ओतल्या होत्या आणि रोज सकाळी ते पाणी बंगल्याच्या पायरीपाशी जाऊन थांबलं होतं. कुंपण पडल्यावरही.

"मला काय कळतंय उताराचं," मी म्हटलं. "मी सातवीतून सुटलेली बाई."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "पुढच्या रविवारी कोणता पाठ आहे?"

"नोहा आणि जलप्रलय."

त्यांनी डोळे मिटले. "तो पाण्याशिवाय शिकवा," ते म्हणाले, आणि गेले.

तो दावा अजून चालू आहे. दोन्ही वकील वारले, त्यांची मुलं चालवतात. कुंपणाच्या फांद्या कोणीतरी कधीतरी सरपणाला नेल्या, नेमकं कोणी आणि कधी हे कोर्टालाही सांगता आलेलं नाही.

पण तेव्हा, अगदी पुढच्याच रविवारी, शारोन आली. वेळेच्या आधी, मामांचं जुनं खुरपं हातात. डोक्यावर दोन वेण्या, इतक्या घट्ट की भुवया कपाळावर चढलेल्या आणि चेहरा कायम आश्चर्य वाटल्यासारखा. टोकांना रिबीन नाही, सुतळी, आणि सुतळीला पाटाच्या दाराला मारतात तसली दुहेरी गाठ. ती गाठ दोन माणसांनी ओढली तरी सुटत नाही.

"कोणी घातल्या?"

"आबांनी. पहाटेपासून घालत होते. तीनदा सोडल्या." ती मान हलवू शकत नव्हती, म्हणून अख्खी वळली. "मावशी, दुखतंय."

माझे हात तिच्या केसांपर्यंत गेले होते. वर्षभर गेले नव्हते.

"सैल करू?"

तिनं विचार केला. "नको," ती म्हणाली. "घरी गेल्यावर ते बघतील."

मी हात मागं घेतले, तिला पहिल्या रांगेत बसवलं, आणि नोहा सुरू केला.